सीट बदलू, पॅड टाकू की नुसतं जाळीचं कव्हर? बूड दुखणाऱ्या सगळ्यांसाठी

मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एकाने विचारलं, की बाबा गाडीवर तासभर बसलं की बुडाला मुंग्या येतात, जेल पॅड घेऊ का? मी म्हटलं थांब, घाई करू नको, कारण हा प्रयोग मी चार-पाच वेळा पैसे घालवून केलाय आणि त्यातले दोन वेळचे पैसे अक्षरशः पाण्यात गेले (एक वेळचे तर खरोखरच पाण्यात, ते पुढे सांगतो). त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

माझं रनिंग हडपसर ते हिंजवडी, जाऊन येऊन पंचावन्न-साठ किमी, गाडी 125 सीसी, आणि महिन्या दोन महिन्यातून एकदा गावाकडे कराडला. घरात बायकोची ॲक्टिव्हा आहे, त्यावर आई कधी कधी डबलसीट बसते, एका बाजूला पाय टाकून. म्हणजे तीन माणसं आणि तिघांचं दुखणं वेगळं, आणि दुकानदार तिघांनाही एकच पॅड विकतो, सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आधी फुकटातलं बघा. टायरमधली हवा गाडीच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच आहे का ते तपासा, पंपावरचा पोऱ्या विचारत नाही, 40 ठोकून मोकळा होतो. मग मागचे शॉकअप. बऱ्याच बाईकला पाच स्टेपचं सेटिंग असतं, ॲक्टिव्हा सिक्स-जीला तीन स्टेपचं, आणि कधीतरी दोन पोती तांदूळ आणताना कुणीतरी ते कडक करून ठेवलेलं असतं ते वर्षभर तसंच. एकटे फिरत असाल तर मऊकडे आणा. माझ्या एका मित्राचं दुखणं एवढ्यावर गेलं, सीटला हातही लावावा लागला नाही.

एवढं करून दुखतंय, तर कुठे दुखतंय ते नीट बघा. दोन्ही बाजूंना टोचल्यासारखं होत असेल तर ती बसायची हाडं, म्हणजे फोम दबून खालच्या प्लास्टिकला टेकताय. माकडहाड दुखत असेल तर सीट मागे उचललेली आहे किंवा तुम्ही पोक काढून बसताय. आणि सारखं पुढे टाकीकडे घसरून परत मागे सरकावं लागत असेल तर प्रॉब्लेम उताराचा आहे, त्यावर जगातलं कुठलंही पॅड टाका, तुम्ही पॅडसकट घसरणार.

आता एकेक पर्याय.

जाळीचं कव्हर मला साडेतीनशेला पडलं. याने गादी मऊ होत नाही हे आधी डोक्यात घ्या. याचं काम एकच, बूड आणि रेक्झिनच्या मध्ये हवा खेळती ठेवणं. मे महिन्यात उघड्या पार्किंगमधून दुपारी गाडी काढायची म्हणजे तव्यावर बसायचं, तिथे जाळीने फरक पडतो, आणि घामाने पँट चिकटून जे सोलवटतं ते बंद होतं. पावसात पाणी जाळीतून खाली जातं आणि वरून पटकन वाळतं, पण खालच्या रेक्झिनची शिवण उसवलेली असेल तर तेच पाणी सावकाश फोममध्ये मुरतं. स्कूटरवर रोजचं दहा-पंधरा किमी असेल तर मी म्हणेन हे घ्या आणि विषय संपवा. फक्त इलॅस्टिक खालून नीट ओढून बांधा, नाहीतर डिक्की बंद करताना ते लॉकमध्ये अडकतं.

जेल पॅड. अठराशे रुपये गेले माझे. जेल फोमसारखं चेपत नाही, ते बाजूला सरकतं आणि हाडाखालचा दाब पसरवतं, त्यामुळे पहिला अर्धा तास वाटतं वा वा काय चीज घेतली. दोन अडचणी. एक म्हणजे ते ऊन पितं आणि सोडत नाही, उन्हात तासभर गाडी उभी राहिली की जाळी टाकूनसुद्धा खालून शेक लागत राहतो. दुसरी, ते वरून पट्ट्याने बांधलेलं असतं, म्हणजे हलतं. आईला मागे बसवलं होतं, सिग्नलला जरा जोरात ब्रेक लागला तर पॅड चार बोटं पुढे आणि पॅडवर आई, साडी नेसून एका बाजूला बसलेली, माझ्या खांद्याचा शर्ट तिने असा काही आवळला की वरचं बटणच गेलं. त्या दिवसापासून ते पॅड माळ्यावर आहे. एका बाजूला बसणाऱ्या माणसाखाली सुटं पॅड नको म्हणजे नकोच. जेलच हवं असेल तर फोममध्ये खड्डा करून आत बसवून घ्या आणि वर फोमचा पातळ थर, मग ऊनही कमी लागतं आणि सरकायचा प्रश्नच नाही.

हवेचं पॅड मला जेलपेक्षा बरं वाटलं. व्हीलचेअरवर बसणाऱ्यांना जखमा होऊ नयेत म्हणून हवेच्या कप्प्यांची गादी वापरतात ना, त्याच जातीचं. कप्पे आतून जोडलेले असतात, एका ठिकाणी दाब आला की हवा दुसरीकडे सरकते. पण नव्वद टक्के लोक ते फुटबॉलसारखं टम्म फुगवतात आणि मग म्हणतात बेकार आहे, झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं. भरायचं असं की बसल्यावर सीट टेकता टेकता राहिली पाहिजे, जेमतेम बोटभर अंतर. कोकणातून पोलादपूरकडून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलात तर तुम्ही साधारण 1370 मीटरवर जाता, वर हवेचा दाब कमी म्हणून पॅड आपोआप टणक होतं, तिथे वॉल्व्ह किंचित सोडायचा. लांबच्या प्रवासाला एक नंबर, उतरलात की काढून बॅगेत. रोजच्या ऑफिसला मात्र वैताग, कारण ते उघड्यावर ठेवून जायची हिंमत होत नाही.

आणि आता कुशनवाला, म्हणजे सीट खोलून नवा फोम भरून देणारा. माझं मत आधीच सांगून टाकतो, बाईकवर रोज तासाच्या वर बसत असाल तर शेवटी इथेच यावं लागतं, फक्त पहिल्यांदा मी गेलो तसे जाऊ नका.

पहिल्यांदा मी गेलो आणि म्हटलं, भाऊ एकदम मऊ करून द्या. त्याने दिली. वरती दोन इंच भुसभुशीत फोम चढवला, दुकानात बसलो तर सोफा. तीन आठवड्यात तो फोम हाडाखाली पार चपटा, मी परत प्लास्टिकवर, आणि शिवाय सीट एक इंच उंच झालेली म्हणून सिग्नलला पायाची बोटंच टेकतायत. त्यात जूनमध्ये पहिल्याच पावसात शिवणीतून पाणी आत गेलं, पुढचे चार महिने सकाळी सीटवर बसलं की पँट ओली. हेच ते पाण्यात गेलेले पैसे. चूक त्याची अर्धी, माझी अर्धी, कारण मागितलं मीच होतं.

मऊ फोम पहिल्या पाच मिनिटांत छान वाटतो, कारण तो लगेच दबतो. आणि जे लगेच दबतं ते अर्ध्या तासात संपलेलं असतं. लांब बसायचं तर दुकानात बसल्यावर सीट थोडी कडकच वाटली पाहिजे. दुकानात 32 डेन्सिटी, 40 डेन्सिटी म्हणतात ते म्हणजे घनमीटरला किती किलो, तो कडकपणाचा आकडा नाही, पण हलका फोम लवकर बसतो हे खरं. खालच्या थराला रिबाँड मागा, फोमचे तुकडे चिकटवून दाबून बनवतात तो रंगीबेरंगी, तो जड असतो आणि सहज दबत नाही. त्यावर इंचभर चांगला फोम. मेमरी फोमचा आग्रह धरणारे असतात, तो अंगाच्या उबेने मऊ होतो, त्यामुळे वरती अर्धा इंच ठीक, सगळी सीट त्याची केली तर परत तेच, बुडून तळ गाठायचा.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो होतो. ओरिजिनल सीटला हात लावला नाही, पुण्यातल्या नाना पेठेत जाऊन त्याच मॉडेलची एक जुनी सीट सातशेला उचलली, आणि दुसऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. त्याने आधी मला गाडीवर बसवलं, खाली उतरवलं, परत बसवलं, आणि मी नेमका कुठे टेकतो तिथे स्केचपेनने दोन गोल काढले. मग स्क्रू ड्रायव्हरने एकेक स्टेपल पिन उपटली, रेक्झिन सोललं तर आतला पिवळा फोम त्या दोन गोलांखाली काळपट आणि पापडासारखा झालेला. तेवढा भाग कापून रिबाँड बसवला, सोल्यूशन (चिकटवायचा गोंद) लावून पंख्याखाली वाळत ठेवलं, आणि पुढचा टाकीकडचा उतार भरून काढला. मग ग्राइंडरला सँडपेपरची चकती लावून घासत बसला, सगळं दुकान पिवळ्या भुशाने भरलं, त्याच्या भुवया पिवळ्या माझ्याही पिवळ्या. मांडीकडच्या दोन्ही कडा त्याने न सांगता उतरवल्या, म्हणाला, "साहेब, उंची सीटने जात नाही, रुंदीने जाते, कडा घासल्या की पाय सरळ खाली येतो." आणि खरंच, उंची तेवढीच असून पाय आधीपेक्षा चांगला टेकतो.

उंचीचं हे हलक्यात घेऊ नका. स्प्लेंडर 785 मिमी, क्लासिक 350 ची सीट 805, हिमालयन 450 ची कंपनीच 825 आणि 845 अशा दोन उंचीवर बसवायची सोय देते आणि शिवाय 805 ची बुटकी सीट वेगळी विकते. म्हणजे 20 मिमीसाठी कंपनी वेगळी सीट काढते आणि आपण कुशनवाल्याला 'दोन इंच टाक' असं सहज सांगतो, दोन इंच म्हणजे 50 मिमी झाले राव.

मजुरी आणि रेक्झिन धरून चौदाशे, जुन्या सीटचे सातशे, एकूण एकवीसशे. दोन वर्षं झाली, फोम अजून बसलेला नाही. कराडला जाताना आता खंबाटकीच्या अलीकडे थांबतो ते चहासाठी, बूड दुखतं म्हणून नाही.

कंपनीच्या टूरिंग सीटचं, म्हणजे लांबच्या प्रवासासाठीच्या सीटचं थोडक्यात, कारण ती सगळ्या गाड्यांना मिळत नाही. रॉयल एनफिल्डवाल्यांना शोरूमलाच ॲक्सेसरीमध्ये मिळते, फिटिंग परफेक्ट, पाणी शिरायची भीती कमी, पण ती सरासरी माणसासाठी बनवलेली आहे. तुम्ही सरासरीत बसत असाल तर घ्या, आधी कुणाच्या तरी गाडीवर अर्धा तास बसून बघा. 110-125 वाल्यांनी या फंदात पडू नये.

स्कूटरची सीट बनवायला दिली तर एक वेगळी काळजी, फोम कडेला जास्त झाला तर डिक्की लागत नाही, लॉकवर दाबून बसावं लागतं आणि महिन्याभरात लॉक जातं. रेक्झिन ठोकून झाल्यावर तिथेच चार-पाच वेळा उघडझाप करून बघा.

स्टाइलसाठी सिंगल सीट किंवा कॅफे रेसरची चपटी पट्टी बसवणाऱ्यांना काय सांगणार, आरामाशी तिचा संबंध नाही. फक्त मागे कुणाला बसवणार असाल तर लक्षात ठेवा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 128 प्रमाणे मागचा माणूस गाडीला पक्क्या बसवलेल्या नीट सीटवरच बसला पाहिजे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 123 मध्ये धरायची मूठ, पायदान आणि साडी गार्ड हे तिन्ही लागतात. सीट बदलताना मागचा ग्रॅब रेल, म्हणजे तीच धरायची मूठ, काढून ठेवतात आणि तो मग कायमचा गॅरेजच्या कोपऱ्यात पडतो.

त्या ऑफिसवाल्याचं काय झालं तर त्याला पुढे घसरायचाच त्रास होता. जेल पॅड कॅन्सल केलं, जुनी सीट शोधतोय. त्याला एवढंच सांगून ठेवलंय की रेक्झिन ठोकायच्या आधी नुसता फोम गाडीवर टाकून, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, एक वीस मिनिटांची चक्कर मारून ये, कारागीर कुरकुर करेल पण देईल, आणि रेक्झिनच्या खाली तसंच एक अखंड प्लास्टिक घालायला लाव, शिवण उसवली तरी पाणी तिथेच अडतं.