रात्री दोनचं अपडेट सकाळी दहाला का होतं? डॅशबोर्ड वापरून झाल्यावरचा अनुभव

कुडाळमध्ये बसून मी आसपासच्या लहान धंद्यांच्या वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या साइट सांभाळते. होमस्टेवाले, काजूवाले, आंबेवाले, एक-दोन शाळा. सगळ्यांचे प्लगिन (साइटला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) एकाच जागेवरून अपडेट व्हावेत म्हणून गेल्या दिवाळीपासून एक डॅशबोर्ड वापरतेय. आपल्याच होस्टिंगवर टाकायचा आणि प्रत्येक साइटवर त्याचा छोटा प्लगिन बसवायचा, असा प्रकार. नाव लिहीत नाही, कारण खालच्या बहुतेक भानगडी या जातीच्या कुठल्याही डॅशबोर्डवर होऊ शकतात.

काम चांगलं करतो, हे आधी सांगते. कुठल्या साइटवर काय जुनं झालंय ते एका पानावर दिसतं, अपडेटच्या आधी बॅकअप घेतो. पण मी तो घेतला होता शेड्यूलसाठी, आणि नेमकं तेच सुरुवातीला चालत नव्हतं.

वेळ लावली होती रात्री दोनची. सकाळी दहाला लॅपटॉप उघडावा तर यादी कालचीच, आणि पान दिसल्यावर मिनिटाभरात अपडेट आपोआप सुरू. रविवारी मी डॅशबोर्ड उघडत नाही, तर रविवारी काहीच नाही. लॉगमध्ये एररही नाही. म्हणजे काम बिघडत नव्हतं, सुरूच होत नव्हतं.

वर्डप्रेसचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणारी यंत्रणा, वडापच्या जीपसारखा आहे. पॅसेंजर आला की गाडी सुटते, वेळ काहीही ठरलेली असो. कुणी पान उघडलं की तो बघतो कुठलं काम तुंबलंय, आणि ते मार्गी लावतो. डॅशबोर्डची साइट माझ्याशिवाय कोण उघडणार? म्हणून रात्री दोनचं काम मी येईपर्यंत ताटकळायचं. उपाय सोपा आहे. डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘डिसेबल डब्ल्यूपी क्रॉन’ हा कॉन्स्टंट ट्रू करायचा आणि सीपॅनेलच्या (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलच्या) ‘क्रॉन जॉब्स’मधून दर पंधरा मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉनची फाइल चालवायची. दुसरं न करता फक्त पहिलं केलंत तर आहे तेवढंही बंद पडेल. डॅशबोर्डच्या मदत-पानांत हे कुठेतरी तळाशी आहे. बसवतानाच विचारायला हवं होतं, हा माझा पहिला राग.

तेवढ्याने सगळं सुटलं नाही. मालवणच्या एका होमस्टेची साइट पावसाळ्यात ‘सर्व अद्ययावत’ दाखवत राहिली. स्कूबा बंद, पर्यटक नाहीत, साइटवर चिटपाखरू नाही. जे कोणी येतं त्याला सीडीएन (पानांच्या प्रती साठवून देणारी सेवा) कॅशमधलं पान देतो, विनंती पीएचपीपर्यंत, म्हणजे वर्डप्रेसच्या कोडपर्यंत, पोचतच नाही. वर्डप्रेस नव्या आवृत्त्यांची चौकशी दिवसातून दोनदा करतं, तीही क्रॉनवरच. नाहीतर कुणी अ‍ॅडमिनमध्ये शिरलं तर. इथे दोन्ही नाही, आणि हा डॅशबोर्ड साइटवर साठवलेली जुनीच यादी वाचून हिरवी खूण देत होता. मालकीणबाईंच्या लॉगिनने अ‍ॅडमिनमधलं अपडेटचं पान उघडलं, तर पाच प्लगिन रांगेत उभे. आता सगळ्याच साइटवर होस्टिंगचा खरा क्रॉन लावलाय.

बाकीच्या किरकोळ गोष्टी. एका होस्टिंगच्या फायरवॉलने डॅशबोर्डच्या विनंत्यांना ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, असं उत्तर दिलं. डॅशबोर्डचा आयपी पत्ता व्हाइटलिस्ट करून (परवानगीच्या यादीत घालून) घेतल्यावर थांबलं. विकतच्या प्लगिनचं लायसन्स संपलं की नवी आवृत्ती दिसते, पण पॅकेज मिळत नाही. त्यात डॅशबोर्ड काही करू शकत नाही, गिऱ्हाइकाकडून पैसे घ्या.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच प्लगिनचं ऑटो-अपडेट आहे. ते चालू असेल आणि डॅशबोर्डचंही, तर वर्डप्रेस आपल्या वेळेला अपडेट करून मोकळं होतं आणि डॅशबोर्डचा बॅकअप राहून जातो. दोन्हींपैकी एकच ठेवा. आतल्या ऑटो-अपडेटच्या बाजूने एक मुद्दा आहे: जुलै २०२४ च्या ६.६ पासून अपडेटनंतर फेटल एरर (साइटच बंद पाडणारी चूक) आली तर जुनी आवृत्ती आपोआप परत येते. डॅशबोर्डने ढकललेल्या अपडेटला ते संरक्षण मिळत नाही. पण त्याने तरी काय पकडलं जातं? फेटल एरर. आंब्याची पेटी कार्टमध्ये पडते पण पैसे भरायचं बटण दाबलं जात नाही, हे त्याला कळत नाही. म्हणून वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाचा प्लगिन), पेमेंटचे प्लगिन आणि पेज बिल्डर मी शेड्यूलमधून काढलेत. ते स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवर, बघून हाताने करते, आणि एप्रिल-मेच्या हंगामात सुरक्षेचं अपडेट असल्याशिवाय त्यांना हात लावत नाही. फॉर्म, एसइओ, गॅलरी हे बिनधास्त रात्री होऊ द्यावेत.

डॅशबोर्डच्या मेलमधल्या ‘यशस्वी’ या शब्दावरही फार विसंबू नका. त्याचा अर्थ फाइली बदलल्या, इतकाच. मी अपटाइमची वेगळी तपासणी लावलीय, आणि ती पानावरचा ठरावीक मजकूर शोधते. नुसतं २०० (‘पान मिळालं’) उत्तर आलं यावर समाधान मानत नाही.

राहता राहिली वेळ. क्रॉन सुधारल्यावर अपडेट रोज नियमित व्हायला लागले, पण सकाळी साडेसातला. या डॅशबोर्डचं शेड्यूल यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं, आपण साडेपाच तास पुढे. सेटिंगमध्ये टाइमझोन निवडायची सोय नाही. सपोर्टला लिहिलं, तर पुढच्या एखाद्या आवृत्तीत देऊ म्हणाले. तोवर रात्री दोनसाठी मी २०:३० टाकून ठेवलंय.