घणसोलीतील घराचे पत्र्याचे छप्पर : खर्च, काम आणि पहिला पावसाळा

नवी मुंबईतील घणसोली गावठाणातले आमचे घर आजोबांनी बांधलेले आहे. त्याच्यावर मंगलोरी कौले आणि खाली सागाचे वासे होते. दर मे महिन्यात शाकारणी करायची, फुटलेली कौले बदलायची आणि तरीही जुलैमध्ये दोन ठिकाणी पातेली ठेवायची, हे आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आले. आता शाकारणी करणारी माणसे गावात जवळजवळ उरलेली नाहीत, आणि २०२४ मध्ये पश्चिमेकडचे तीन वासे वाळवीने पोखरलेले निघाले. त्यामुळे २०२५ च्या एप्रिलमध्ये आम्ही कौले उतरवून लोखंडी कैच्यांवर (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर) रंगीत पत्र्याचे छप्पर घालण्याचे ठरवले आणि रबाळे परिसरातील एका फॅब्रिकेटरला, म्हणजे लोखंडी सांगाडे बनवून बसवणाऱ्याला, काम दिले. एक पूर्ण पावसाळा त्या छपराखाली काढल्यानंतर हे लिहीत आहे. काम एकंदर चांगले झाले, पण तीन गोष्टींत मला त्रास झाला, आणि त्या तिन्ही दर ठरवताना नीट विचारल्या असत्या तर टळल्या असत्या.

सुरुवातीला चार जणांकडून दर मागवले. प्रत्येकाने घराकडे एकदा वर पाहिले आणि एकच आकडा सांगितला : फुटाला इतके. सर्वांत कमी दर १६५ रुपये होता आणि तो ऐकून वडिलांना हायसे वाटले, कारण आमचे घर २६ फूट बाय ३० फूट, म्हणजे ७८० चौरस फुटांचे. त्या हिशेबाने सव्वा लाखाच्या थोड्या वर काम आटोपणार होते. परंतु छप्पर जमिनीइतके नसते. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट पावळीसाठी बाहेर काढले, उतार धरला, तेव्हा प्रत्येक पाखे, म्हणजे छपराची एकेक उतरती बाजू, साडेसोळा फूट झाले; लांबी दोन्ही टोकांना दीड-दीड फूट वाढून ३३ फूट झाली. म्हणजे छपराचे प्रत्यक्ष क्षेत्र १,०८९ चौरस फूट. त्यावर पत्रा घालताना एक पत्रा दुसऱ्यावर चढवावा लागतो. पत्रा साडेतीन फूट रुंद असला तरी तो एक मीटरच, म्हणजे सव्वातीन फुटांपेक्षा किंचित जास्त जागा झाकतो. एका पाख्याला दहा असे एकूण वीस पत्रे लागले आणि ते बिलात १,१५५ चौरस फूट म्हणून आले. एकाच घराचे असे तीन वेगवेगळे फूट असतात, आणि दर सांगणारा त्यांपैकी कोणता फूट धरतो आहे हे विचारल्याशिवाय १६५ या आकड्याला काहीच अर्थ नसतो. त्या कमी दराच्या माणसाला मी विचारले, तेव्हा कळले की त्याचा दर पत्र्याच्या फुटाचा होता आणि त्यात पन्हळ, आढ्याची (छपराच्या माथ्याची) पट्टी, उष्णतारोधक थर, जुनी कौले उतरवणे आणि जीएसटी यांपैकी काहीही नव्हते.

ज्याला आम्ही काम दिले, त्याने मात्र मागितल्यावर प्रत्येक बाब वेगळी लिहून दिली. ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे असे मी मानतो. लोखंडाचे काम, म्हणजे चार कैच्या, वरचे आडवे चौकोनी पाइप आणि तळाच्या प्लेटा, ८२० किलो भरले आणि जोडणीसह १२० रुपये किलोने ९८,४०० रुपये झाले. पत्र्याचे ६२ रुपये फुटाने ७१,६१० रुपये झाले. आढ्याची टोपी आणि दोन्ही टोकांच्या पट्ट्या मिळून ९९ फुटांचे १०,८९०, खालच्या नळांसह पन्हळीचे १७,१६०, स्क्रूचे ३,६००, पत्र्याखाली घातलेल्या उष्णतारोधक फॉइलच्या फोमचे २३,९५८ आणि बसवण्याच्या मजुरीचे २७,२२५ रुपये लागले. या २,५२,८४३ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरून बिल २,९८,३५५ रुपयांचे झाले. कौले उतरवून गल्लीबाहेर नेण्याचे १८,००० रुपये वेगळे रोख दिले. एकूण ३,१६,३५५ रुपये, म्हणजे छपराच्या फुटाला सुमारे २९० आणि घराच्या फुटाला सुमारे ४०५ रुपये. चांगल्या अवस्थेतली कौले वडिलांनी विकली नाहीत. ती मागच्या अंगणात रचून ठेवली आहेत.

आता पत्र्याविषयी सविस्तर सांगतो, कारण खर्चाची खरी गोम तिथे आहे. आम्ही निवडलेला पत्रा गॅल्व्हॅल्यूम प्रकारचा आहे. त्याच्या पोलादावर जो थर असतो त्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनिअम आणि उरलेल्या भागात मुख्यतः जस्त असते, आणि त्यावर रंगाचा थर भाजून चढवलेला असतो. एका बाजूला खाडीची खारी हवा आणि दुसऱ्या बाजूला टीटीसी औद्योगिक पट्टा असलेल्या घणसोलीसारख्या ठिकाणी साधा जस्ती पत्रा टिकत नाही, हे आमच्या जुन्या गोठ्याच्या छपरावरून आम्हांला माहीत होते. म्हणून थर १५० ग्रॅमचाच हवा, म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम, असे कागदावर लिहून घेतले. जाडी ०.५० मिलिमीटर ठरली. इथे एक शब्दाचा खेळ चालतो. मूळ पोलादाची जाडी वेगळी आणि थर व रंग धरून मोजलेली एकूण जाडी वेगळी. दोहोंत साधारण ०.०५ मिलिमीटरचा फरक पडतो. विक्रेता एकूण जाडी सांगतो आणि घेणारा ती पोलादाची जाडी समजतो. आम्ही एकूण ०.५० अशीच बोली केली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. तक्रार वेगळीच निघाली, आणि ती त्रासाची पहिली बाब.

पत्रे आले त्या दिवशी टेम्पो गावठाणाच्या गल्लीत शिरू शकला नाही, म्हणून ते मुख्य रस्त्यावर उतरवून दोघादोघांनी आत न्यायचे ठरले. रस्त्याच्या कडेलाच भंगारवाल्याचा मोठा काटा आहे. मी पहिला पत्रा त्यावर ठेवायला सांगितले. पोलादाची घनता ठाऊक असली की हिशेब सोपा असतो : एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पोलादाचे वजन ७.८५ किलो भरते. आमचा पत्रा साडेसोळा फूट लांब आणि घड्या पाडण्याआधी १,२२० मिलिमीटर रुंद, त्यामुळे थर व रंग पोलादापेक्षा हलके असतात हे धरून ०.५० च्या जाडीला तो २३ किलोंच्या आसपास भरायला हवा होता. काट्याचा आकडा १८ किलो ४०० ग्रॅमवर थांबला. दुसरा पत्रा ठेवला, तोही तेवढाच. पत्रा उलटून पाहिला तर मागच्या बाजूला कंपनीचे नाव आणि जाडी सांगणारी छापील ओळ नव्हती. हा पत्रा उघडच ०.४० मिलिमीटरचा होता. वीस पत्र्यांमध्ये ९० किलोंची तूट म्हणजे पाचव्या भागाचा माल कमी.

फॅब्रिकेटरला बोलावले. त्याने आधी "दादा, काट्यात फरक असेल" असे म्हटले, मग स्वतः वजन केले आणि पुरवठादाराला फोन लावला. चूक कोणाची होती हे मला शेवटपर्यंत कळले नाही आणि त्यावर मी वाद घातला नाही. दोन दिवसांनी दुसरे पत्रे आले, मागे ओळ छापलेली होती आणि वजन २२ किलो ९०० ग्रॅम भरले. मात्र ते दोन दिवस आम्हांला फार महाग पडले, हे पुढे येईलच.

पातळ पत्र्याची मला एवढी काळजी का वाटली, हेही सांगायला हवे. आमच्या घरावर पंधराशेच्या आसपास कौले होती आणि एक कौल दोन-अडीच किलोंचे असते, म्हणजे तीन-पावणेचार टनांचे ओझे घरावर बसलेले होते. कौले आपल्या वजनाने जागेवर राहतात. नव्या पत्र्यांचे एकूण वजन साडेचारशे किलोंच्या आसपास आहे, त्यामुळे त्यांना खाली धरून ठेवण्याचे सगळे काम स्क्रूंना करावे लागते. भारतीय मानकानुसार मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरतात; तेवढ्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो, तर तेवढ्या जागेतला पत्रा चार-साडेचार किलोंचा असतो. मे २०२१ मधले तौक्ते वादळ आणि १३ मे २०२४ चे धुळीचे वादळ, ज्यात घाटकोपरचे होर्डिंग कोसळले, ही दोन्ही आम्ही इथे अनुभवली आहेत. म्हणून पावळीच्या आणि आढ्याच्या पाइपवर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याला स्क्रू हवा, मधल्या पाइपांवर एकाआड एक चालेल, असा आग्रह धरला. एकूण सुमारे सहाशे स्क्रू लागले. बिलात त्यांची रक्कम सर्वांत लहान आहे, आणि कमी दर देणारा ठेकेदार नेमका त्यांच्यातच हात आखडता घेतो.

बसवणाऱ्या चार मुलांचे काम मला मनापासून आवडले. पत्रे लांबीला मापातच मागवले होते, त्यामुळे पाख्यावर मध्ये कुठेही सांधा नाही. जिथे कापावे लागले तिथे त्यांनी ग्राइंडर न लावता कात्रीने कापले, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या रंगात रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. रोज संध्याकाळी काम संपल्यावर एक जण मऊ केरसुणीने स्क्रूभोवतीचा लोखंडी बुरा झाडत असे. स्क्रूही उंचवट्यावरच मारले, खोलगट भागात नाही, आणि रबराची चकती दबून फुटणार नाही इतपतच आवळले.

त्रासाची दुसरी बाब लोखंडाच्या रंगाची. १२० रुपयांच्या दरात रेड ऑक्साइड या साध्या गंजरोधक रंगाचा एक हात धरला होता आणि मी त्याकडे दुर्लक्ष केले. सप्टेंबरमध्ये पावळीजवळच्या तीन जोडांवर तांबूस ओघळ दिसू लागले. खाडीजवळच्या घराला इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंजाला जास्त दाद न देणारा अस्तराचा रंगच हवा होता आणि त्याची रक्कम मी सुरुवातीलाच मोजायला हवी होती. आता जोड घासून, शिडी लावून ते काम पुन्हा करायचे आहे, आणि जमिनीवर असताना जे काही तासांत झाले असते त्याला वर दोन दिवस लागतील.

तिसरी बाब गळतीची. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि त्याआधीच्या आठवड्यातही जोरदार सरी झाल्या. पत्र्यांच्या अदलाबदलीत गेलेल्या त्या दोन दिवसांमुळे पन्हळ बसायची राहिली होती. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. आमच्या छपरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला तर साडेचार हजार लिटरांहून जास्त पाणी खाली येते. पन्हळीशिवाय ते सगळे पागोळ्यांनी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर कोसळले आणि त्यांच्या तुळशीवृंदावनाजवळची माती वाहून गेली. पन्हळ पाचव्या दिवशी बसली. ओटा आम्ही स्वखर्चाने दुरुस्त करून दिला. पुढे जुलैमध्ये न्हाणीघराचा हवेचा पाइप जिथे पत्र्यातून वर येतो तिथे पाणी झिरपू लागले. त्या भोकाभोवती नुसते सिलिकॉन भरले होते. तिसऱ्या फोननंतर माणूस आला, त्याने पाइपभोवती रबराची गळपट्टी बसवली आणि गळती त्याच दिवशी थांबली. पाइप, धुराडे किंवा पाण्याच्या टाकीची नळी पत्र्यातून जाणार असेल तर ही गळपट्टी आधीच यादीत लिहून घ्यावी.

राहण्याच्या दृष्टीने कौलांची सर पत्र्याला नाही. पावसाचा आवाज फोममुळे बराच दबतो, पण मुसळधार सरीत टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. उन्हाचे म्हणाल तर फॅब्रिकेटरने विटकरी रंग सुचवला होता आणि आम्ही फिकट पांढरट रंग घेतला. फिकट रंग ऊन परतवतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी घर तापले तरी दिवेलागणीपर्यंत निवत होते. वडिलांना मात्र अजून विटकरीच हवा होता असे वाटते.

आमचे काम जुन्याच घरावर जुन्याच उंचीने होते आणि तसे पत्र आम्ही महापालिकेच्या विभाग कार्यालयात आधीच दिले होते. इमारतीच्या गच्चीवर नवी शेड घालणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे महापालिकेची परवानगी नसेल तर शेड पाडली जाऊ शकते, आणि मग फुटाचा दर कितीही कमी असला तरी उपयोग नाही.

पुन्हा याच माणसाला काम देईन का, असे दोघा शेजाऱ्यांनी विचारले. लोखंडाचे आणि बसवण्याचे काम त्यालाच देईन. पत्रा मात्र कळंबोलीच्या लोखंड बाजारात जाऊन स्वतः वजनावर घेईन आणि पावती माझ्या नावाची करीन. बिलातले ३०,००० रुपये पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट आम्ही सुरुवातीलाच कागदावर घातली होती आणि त्याने ती कुरकुर न करता मान्य केली होती. जोडांवरचा गंज त्याने येऊन पाहिला आणि इपॉक्सीच्या कामाची मजुरी घेणार नाही, सामान तुम्ही आणा, असे सांगितले. राखून ठेवलेले ते ३०,००० रुपये मी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला दिले.