ऑर्केस्ट्रासाठी सेकंडहँड साउंड मॉड्यूल: जेव्ही-१०८०, मोटिफ रॅक ईएस की ट्रायटन रॅक?

गणपतीतल्या एकाच कार्यक्रमात कीबोर्डवाल्याला आधी भक्तिगीताला बासरी लागते, मग लावणीला क्लॅरिनेट, मग नव्वदच्या दशकातल्या हिंदी गाण्याला भरगच्च स्ट्रिंग्ज आणि शेवटी पोरांना नाचवायला सिंथ ब्रास. सांगली-मिरज भागातल्या बहुतेक ऑर्केस्ट्रांचं आणि बेंजो पार्ट्यांचं हेच चालतं. हातातला कीबोर्ड धड आहे, पट्ट्या ठीक आहेत, फक्त आवाज तोकडे पडतात, असं असेल तर नव्या वर्कस्टेशनवर पैसे घालण्याआधी जुन्या रॅक मॉड्यूलचा, म्हणजे पट्ट्या नसलेल्या, नुसते आवाज असलेल्या पेटीचा, विचार जरूर करावा. मिडीची (दाबलेल्या पट्टीचा इशारा दुसऱ्या यंत्राला पोचवणारी) एक केबल लावली की पट्ट्या तुमच्या आणि आवाज त्याचे.

सेकंडहँड बाजारात फिरलं की तीन नावं हमखास पुढे येतात. रोलँडचं जेव्ही-१०८० हे १९९४ चं. यामाहाचं मोटिफ रॅक ईएस २००३ मध्ये आलेल्या मोटिफ ईएसच्या पिढीतलं. कॉर्गचं ट्रायटन रॅक २००० चं. विकणारा आधी पॉलिफनीचा, म्हणजे यंत्र एका वेळी किती आवाज काढू शकतं त्याचा, आकडा सांगतो: रोलँड ६४, यामाहा १२८, कॉर्ग ६०. हा आकडा म्हणजे एका वेळी वाजणारे सूर, असं मात्र समजू नका. जेव्हीच्या एका पॅचमध्ये (एका तयार आवाजात) चारपर्यंत टोन, म्हणजे थर, असतात आणि दाबलेल्या प्रत्येक पट्टीला ते सगळे खर्ची पडतात. चार टोनचा पॅड घेतलात तर ६४ चे सोळाच सूर उरतात. डाव्या हाताला स्ट्रिंग्ज, उजव्या हाताला पियानो, वर सस्टेन पेडल दाबलेलं, की आधीचे सूर गळायला लागतात. यामाहातही एका व्हॉइसमध्ये (पॅचचं तिथलं नाव) असेच चार थर, म्हणजे एलिमेंट, असू शकतात, पण १२८ मुळे तिथे बत्तीस सुरांपर्यंत मोकळीक मिळते. पियानोवर गाणं पेलणारा वादक असेल तर हा फरक त्याला पहिल्याच कार्यक्रमात कळेल.

तरी माझ्या मते निर्णय पॉलिफनीवर होऊ नये. तो इफेक्टवर व्हावा.

दुकानात मॉड्यूल ऐकताना आपण एकेक पॅच वाजवतो आणि प्रत्येक पॅच आपापला इफेक्ट घेऊन येतो. ऑर्गनला रोटरी, लीडला डिले, इलेक्ट्रिक पियानोला फेजर. ऐकून माणूस खूश होतो. कार्यक्रमात मात्र आपण परफॉर्मन्स मोड वापरतो: सोळा पार्ट, प्रत्येकावर एक आवाज, कीबोर्डवरून चॅनल बदलला की आवाज बदलला. जेव्ही-१०८० मध्ये ४० प्रकारचे इफेक्ट आहेत, पण परफॉर्मन्समध्ये एका वेळी त्यातला एकच चालतो. रिव्हर्ब आणि कोरस सगळ्यांना मिळून. ऑर्गनला रोटरी दिली की लीड कोरडी पडते आणि दुकानात आवडलेला तो आवाज हाच का, असा प्रश्न पडतो. ट्रायटन रॅक इथे सरळ पुढे आहे: वेगवेगळ्या आवाजांना देता येणारे पाच इन्सर्ट इफेक्ट आणि वर सगळ्यांना मिळून दोन मास्टर इफेक्ट. रोलँडच हवं असेल तर १९९७ च्या सुमाराचं जेव्ही-२०८० बघा. त्यात असे तीन इफेक्ट एकदम चालतात, डिस्प्ले मोठा आहे आणि जादा आवाजांचे बोर्ड बसवायचे स्लॉट चारऐवजी आठ. थोडे जास्त पैसे पडले तरी १०८० सोडून २०८० घ्यावं, असंच मी सांगेन.

आता बोर्डांविषयी. जेव्हीची मूळ वेव्ह मेमरी (आवाजांचे नमुने साठवलेली जागा) फक्त ८ एमबी. यामाहाची १७५, कॉर्गची ३२. आकडे बघून जेव्ही बाद करायचा मोह होतो आणि पियानोपुरतं ते बरोबरही आहे, १९९४ चा पियानो आज पत्र्यासारखा वाजतो. पण स्ट्रिंग्ज, पॅड, बेल आणि ब्रास याच खजिन्यातले आहेत आणि नव्वदच्या दशकातली गाणी वाजवताना ते जागेवर बसतात, त्याला मेमरी आड येत नाही. शिवाय एसआर-जेव्ही८० मालिकेचे बोर्ड बसवता येतात. आपल्या कामाचे मुख्यतः तीन: पाच नंबरचा 'वर्ल्ड', चौदा नंबरचा 'एशिया' आणि नऊ नंबरचा 'सेशन'. सतार, तबला, बासरीच्या जातीचे आवाज पहिल्या दोघांत मिळतात. सतारीचा पॅच मात्र मिरजेत जपून वाजवा. जिथल्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या श्रोत्याला बेंडरवरची (कीबोर्डच्या सूर ओढणाऱ्या दांड्यावरची) मींड लगेच ओळखू येते!

रिकाम्या स्लॉटचं जेव्ही स्वस्त वाटतं, पण नंतर बोर्ड शोधत बसण्यात ती बचत निघून जाते. म्हणून भाव करताना आत कोणते बोर्ड आहेत ते मेनूत उघडून बघा, विकणाऱ्याच्या तोंडी यादीवर जाऊ नका. आणि हे बोर्ड सगळीकडे बसत नाहीत. रोलँडच्याच नंतरच्या एक्सव्ही-५०५० मध्ये एसआरएक्स जातीचे दोन लागतात, जेव्हीचे जुने लागत नाहीत. दोन्ही जाती घेणारं एक्सव्ही-५०८०, पण ते मोठं आणि महाग प्रकरण आहे.

ट्रायटन रॅकमध्ये सॅम्पलिंग आहे. खऱ्या ढोलकीचा किंवा तुतारीचा आवाज घेऊन पट्टीवर बसवता येतो, हे ऐकायला फार छान. पण वीज गेली की रॅममधलं सॅम्पल पुसलं जातं आणि पुन्हा लोड करावं लागतं. तासगाव किंवा कवठे महांकाळच्या जत्रेत जनरेटर बदलताना दोन मिनिटं अंधार झाला, तर निवेदकाला तेवढे विनोद तयार ठेवावे लागतील. ढोलकी नाहीतरी ऑक्टोपॅडवाला वाजवतोच, त्यामुळे या सोयीचे जास्त पैसे मी देणार नाही.

मोटिफ रॅक ईएसची बाजू सोपी आहे. एका युनिटची उंची, हलकं, पियानो आणि अकूस्टिक गिटार तिघांत उत्तम. लग्नाच्या संगीताला आणि नवीन गाण्यांना हेच घ्या. जुन्या गाण्यांच्या स्ट्रिंग्जना त्याचा आवाज मला जरा चकचकीत वाटतो, पण ही आवडीची गोष्ट झाली.

रोलँडचं साउंड कॅनव्हास एससी-८८सुद्धा स्वस्तात मिळतं. मिडी फाईल लावून गाणाऱ्यांसाठी ते चांगलं, ३२ पार्ट आहेत. भावे नाट्यमंदिरासारख्या बंद जागेत खपून जाईल, मोकळ्या मैदानात मोठ्या स्पीकरवर आवाज बारीक लागतो. जेव्ही-१०१० छोटं आणि 'सेशन'चे आवाज आतच असलेलं, पण पॅनेलवरून पॅच दुरुस्त करता येत नाही, कॉम्प्युटर लागतो.

घ्यायला जाताना स्वतःचा कीबोर्ड बरोबर न्या, ही अट समजा. यामाहाच्या हल्लीच्या पीएसआर-ई मालिकेतल्या कीबोर्डांना पाच पिनांचं मिडी नसतं, नुसतं यूएसबी टू होस्ट (कॉम्प्युटरला जोडायचं) असतं. ते या मॉड्यूलला थेट जोडता येत नाही, मध्ये यूएसबी होस्टची डबी लागते. दुसरं म्हणजे ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर वरखाली सरकवायची सोय. काही कीबोर्डांत ते फक्त आतल्या आवाजाला लागतं आणि मिडीतून मूळ सूरच बाहेर जातो. गायिका काळी चारमध्ये, तुमचा कीबोर्ड काळी चारमध्ये आणि मॉड्यूल पांढरी एकमध्ये, असं स्टेजवर होऊ नये. ऑक्टोपॅडही मॉड्यूलला लावायचा असेल तर जेव्हीला मिडी इन एकच आहे, मर्ज करणारी डबी वेगळी घ्यावी लागेल.

जेव्हीतली सीआर२०३२ बॅटरी उतरली असेल तर युजर पॅच उडालेले असतात. सेल स्वस्त असतो, पण तो बदलायला पेटी उघडावी लागते. डिस्प्ले फिका आहे का, व्हॅल्यूचा नॉब उड्या मारतो का, सहाही आउटपुट वाजतात का, हे पाहा. आणि मागची व्होल्टेजची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानहून आलेला पीस १०० व्होल्टचा असतो, २३० ला लावला तर जळतो. तसा पीस पसंत पडला, तर चांगल्या ताकदीचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर कायम रॅकबरोबर ठेवावा लागेल. त्याची किंमत आधी वजा करा आणि मगच भाव बोला.