माझ्याच स्प्रिंगा मला ३६ हजारांना विकल्या

गाडी पोलो जीटी टीएसआय, २०१८ची, सेकंडहँड. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं तर खरे स्पोर्ट्स कारवाले हसतील. पण १.२ लिटरचं टर्बो इंजिन, सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि शेजारी चाकणलाच बनलेली. ज्यांना गाडी चालवायला आवडते आणि ज्यांच्या खिशात पोर्शचे पैसे नाहीत, अशा पुणेकरांची स्पोर्ट्स कार हीच. २०२२मध्ये तिचं उत्पादन थांबलं तेव्हा मी खरंच हळहळलो होतो, आणि वर्षभरात एक जुनी शोधून घेतली.

माझं बिनसलं ते एका पोकळीवरून. चाक आणि वरचा पत्रा यांच्यामधली जागा. पुढच्या चाकावर माझी चार बोटं आडवी जायची. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी गाडी मुद्दाम उंच ठेवलेली असते, कागदावर तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर, १६५ मिमी, हे सगळं मला ठाऊक होतं. पण ती पोकळी एकदा डोळ्यांत खुपायला लागली की पार्किंगमध्ये गाडी लावून दहा पावलं गेल्यावर मागे वळून बघितलं तरी तीच दिसते. ज्यांना हा रोग आहे त्यांना समजेल. बाकीच्यांनी हसावं.

शेवटी आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवून घ्यायचं ठरवलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही. वकिलांनी नको म्हटलंय, आणि हा उद्योग एकाच गॅरेजात चालतो असंही नाही. बाहेर चार-पाच खाली बसवलेल्या गाड्या, आत एसी केबिन, भिंतीवर टर्बोचं कापून दाखवलेलं मॉडेल. मालक माझ्याच वयाचा, बोलायला गोड.

"सर, लोकल माल घालू नका. जर्मन किट मागवतो. ३० एमएम ड्रॉप, राइड कंपनीसारखीच राहते."

स्प्रिंगा ३६,०००, मजुरी ४,५००. निम्मे आगाऊ द्यायचे, तेही गॅरेजच्या नाही तर त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर. उरलेले रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी लावलं तर उगाच साडेसहा हजार वाढतील, सर." मीही हो म्हटलं. इथे मी काही भाबडा नव्हतो, लोभी होतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण न लिहिलं तर पुढचं कळणार नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी मिळाली. दिसायला, खोटं कशाला बोलू, झकास. चार बोटांच्या जागी जेमतेम दोन. चाकाच्या आडून लालभडक स्प्रिंग डोकावत होती, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. मी वाकून वाकून फोटो काढले. मग विचारलं, "जुन्या स्प्रिंगा द्या ना, डिकीत टाकतो."

"त्या पोरांनी भंगारात टाकल्या बहुतेक. शोधून ठेवतो, नंतर घेऊन जा."

तिथेच पाणी मुरत होतं. मला तेव्हा वाटलं, गबाळा कारभार आहे, एवढंच.

घरी पहिली तक्रार आईची. तिला दवाखान्यात नेताना सोसायटीच्या फाटकातल्या स्पीडब्रेकरवर गाडी आपटली. ती म्हणाली, "अरे, ही गाडी आहे की पाट? बसल्यासारखं वाटतंय जमिनीवर, आणि उठताना गुडघे आधी उठतात, मी नंतर." मी तिला समजावलं की स्पोर्ट्स सस्पेन्शन कडकच असतं. स्वतःलाही तेच समजावत होतो. ताम्हिणी घाटात नेली तर वळणावर चिकटून बसण्याऐवजी गाडी उड्या मारत होती. सरळ रस्त्यावर छान, आणि वळणात एखादा खड्डा आला की बाजूच्या लेनकडे सरकायची. फोन केला. "सेट होईल सर, हजार किलोमीटर होऊ द्या." हजाराचे तीन हजार झाले, मग सात. मधेच एक आवाज सुरू झाला. स्पीडब्रेकर चढताना नाही, उतरून चाक खाली लोंबलं की, टक्. आणि स्टिअरिंग फिरवताना बारीक कुरकुर.

शेवटी टायरनं वाचा फोडली. १९५/५५ आर१६ मापाचे पुढचे दोन टायर, बाहेरून बघाल तर नवेकोरे. पंक्चरवाल्यानं चाक उतरवून आतली कड दाखवली तर तिथे नक्षी उरलेलीच नव्हती, आतले धागे दिसायच्या बेतात. म्हणाला, "अलाइनमेंट करा, नाहीतर एक्स्प्रेसवेला जाऊ नका."

अलाइनमेंटवाले काका सिंहगड रोडकडचे, साठीचे, कमी बोलणारे. गाडी लिफ्टवर वर गेली, चारही चाकं लोंबली. काकांनी मागच्या चाकाच्या आत हात घातला आणि स्प्रिंग चक्क गोल फिरवली, बाटलीचं झाकण फिरवावं तशी.

"हे काय केलंय, भाऊ?"

मी अभिमानानं म्हटलं, "जर्मन स्प्रिंगा आहेत, काका."

ते काही बोलले नाहीत. फडक्याला थिनर लावून त्यांनी स्प्रिंग पुसली. लाल रंग फडक्यावर आला आणि खाली कंपनीचा काळा थर उघडा पडला. अजून पुसलं तर त्या काळ्यावर कारखान्यात मारलेले रंगाचे ठिपके. कोणत्या वजनाच्या गाडीला कोणती स्प्रिंग हे ओळखायला कंपनी असे ठिपके मारते. मग त्यांनी टॉर्च खालच्या टोकावर धरला. टोक सपाट कापलेलं, ग्राइंडरच्या पात्याचे ओरखडे अजून तसेच. "एक राउंड उडवलाय. चारही जागी. स्प्रिंग तुमचीच आहे."

म्हणजे जुन्या स्प्रिंगा तो माणूस मला परत देऊ शकणारच नव्हता. त्या माझ्या गाडीखालीच होत्या.

काकांनी मग जे समजावलं ते मी घरी येऊन वाचून पडताळलं. ते नीट मांडतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. स्प्रिंगचे जितके वेढे काम करतात, तितकी ती मऊ. पाचातला एक कापला की उरलेली स्प्रिंग सव्वापट कडक होते, आणि उंची किती उतरणार हे कापणाऱ्याच्या अंदाजावर. मला सांगितलं होतं ३० मिमी, काकांनी टेप लावली तर पुढे ४५. चांगल्या लोअरिंग, म्हणजे गाडी खाली बसवायच्या, स्प्रिंगेचं टोक मूळ बैठकीत बसेल असं घडवलेलं असतं, आणि चाक पूर्ण लोंबलं तरी ती थोडी दाबलेलीच राहते. कापलेली स्प्रिंग आखूड पडते, चाक लोंबलं की मोकळी होते, आणि पुन्हा वजन आलं की जागा सापडेल तिथे बसते. तोच तो टक्. पोलोच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळे तिथली स्प्रिंग एखाद्या मोठ्या खड्ड्यात बैठकीतून निसटूही शकते. पुढची निसटली तर टायरला घासायला अंतर असतं फार तर दोन बोटांचं. मी या गाडीतून आईला नेत होतो.

शॉकअप मूळचेच होते. ते मूळ स्प्रिंगेची उसळी आवरायला बनवलेले, कडक स्प्रिंगेची त्यांना आवरेना. शिवाय गाडी ४५ मिमी खाली बसल्यावर त्यांच्या दांड्याला आत जायला जागाच उरली नव्हती. गाडी आधीच रबरी बंपस्टॉपला टेकून बसलेली. पुढचा डावा शॉकअप तेल गाळत होता.

आता सगळा दोष कापण्याचा नाही, हेही सांगायला हवं. खऱ्या स्प्रिंगा असत्या तरी काही किंमत मोजावी लागलीच असती. अशा गाडीत चाकाला गाडीशी जोडणारा पुढचा खालचा आर्म चाकाकडे किंचित उतरता किंवा जवळपास आडवा असतो. गाडी खाली बसवली की तोच आर्म चाकाकडे वर चढायला लागतो. चाकाची वरची कड आत झुकते (या तिरकेपणाला कॅम्बर म्हणतात), टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं, बदलतो, टायर आतून झिजतो. आणि गंमत म्हणजे गाडीचं वजन थोडंच खाली येतं, पण ज्या बिंदूभोवती ती वळणात कलते तो बिंदू त्याहून जास्त खाली जातो. म्हणून फार उतरवलेली गाडी वळणात कमी कलेल असं धरून चालू नये. ती कमी कललेली वाटते ती बऱ्याचदा नुसती स्प्रिंग कडक म्हणून. काका म्हणाले, "टो मी सेट करतो. हा कॅम्बर काही पूर्ण येणार नाही, आधी गाडी वर घ्या."

आणि आपले स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, ताशी २५च्या वेगानं आरामात ओलांडता येईल असा. आमच्या गल्लीतला उंचीला बहुतेक नियमात बसतो, रुंदीला पोळपाटाएवढा आहे. गाडी खाली घेण्याआधी कुणीतरी ऑफिस ते घर असे सगळे स्पीडब्रेकर मोजावेत. मी नंतर मोजले. सतरा.

फोटो आणि लिफ्टवरचा व्हिडिओ घेऊन मी गॅरेजात गेलो. वाटलं होतं, शरमेल. तो म्हणाला, "सर, बिल आहे का तुमच्याकडे?" नव्हतं. मग म्हणाला, "आणि मॉडिफिकेशन तर बेकायदा असतं. तक्रार करा ना, पहिला दंड तुम्हालाच."

इथे मी गार पडलो, कारण त्याच्या बोलण्यात निम्मं खरं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा कायद्यात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीलाही मी काही कळवलं नव्हतं. अपघात झाला असता तर सर्व्हेअरनं पहिल्यांदा त्या लाल रंगाकडेच बघितलं असतं. या धंद्यातल्या लबाडांचं सगळं बळ यातच आहे. गिऱ्हाईक स्वतःच चोरासारखं आलेलं असतं, ते पोलिसांत कशाला जाईल?

पण वकील मैत्रिणीनं सांगितलं, तू केलेला बदल वेगळा आणि त्यानं जर्मन माल म्हणून तुझाच माल विकणं वेगळं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद होती. आणि व्हॉट्सॲपवर त्यानंच पाठवलेला बॉक्सचा फोटो होता, खाली "तुमचं किट आलं सर". बॉक्स मी कधी उघडून बघितला नव्हता. बॉक्स समोर फोडून घ्या, स्प्रिंगेवर छापलेला नंबर बॉक्सवरच्या नंबराशी जुळवा, आणि कामाच्या आधी जुन्या स्प्रिंगेचे वेढे मोजून फोटो काढून ठेवा. जुनं सामान त्याच दिवशी हातात आलं नाही तर उरलेले पैसे देऊ नका. मी एवढं केलं असतं तर दहा मिनिटांत बिंग फुटलं असतं.

गाडी पुन्हा मूळ उंचीवर आणायला चार नव्या स्प्रिंगा, पुढचे दोन शॉकअप, वरचे माउंट आणि बंपस्टॉप मिळून ३१,८०० लागले. टायर १५,६००, मजुरी ४,२००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,४००. म्हणजे ५३,०००. आधीचे ४०,५०० धरा. साडेत्र्याण्णव हजार खर्चून माझी गाडी जिथे होती तिथेच आली. आई पहिल्या दिवशी बसली आणि काही बोलली नाही, म्हणजे ठीक असावं.

वकिलाची नोटीस गेल्यावर गॅरेजवाल्याचा फोन आला, पुन्हा तोच गोड आवाज. गॅरेजात बोलावलं, गेलो. १५,००० देतो म्हणाला, आणि एका कागदावर सही हवी होती की आता माझी काही तक्रार नाही. सही केली नाही. पैसे त्यानं तरीही पाठवले, का ते त्यालाच माहीत. त्या दिवशी मी निघताना गाडीपर्यंत सोडायला आला आणि सहज विचारावं तसं म्हणाला, "त्या स्प्रिंगा आणल्यात का सर? ठेवून जा की, तुम्हाला काय, भंगारच."

मी म्हटलं, बहुतेक पोरांनी टाकल्या असतील. शोधून ठेवतो.