घोडबंदरच्या गेम कॅफेत पॅलॅडिन घेऊन बसलो त्याचा रिव्ह्यू

कॅफेचं नाव लिहीत नाही, कारण खाली थोड्या तक्रारी पण आहेत आणि चालवणारी पोरं मनापासून करतात. घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे, दुसरा मजला, लिफ्ट नाही. रविवारी दुपारी ३ ते ७ डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (एकेक कॅरेक्टर घेऊन, फासे टाकून गोष्ट खेळायचा गेम) वन-शॉट, म्हणजे एका बैठकीत संपणारी गोष्ट, असतं, माणशी ६०० रुपये, त्यात एक कोल्ड कॉफी. मी ऐरोलीहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला आणि तिथून रिक्षा, रविवार असूनही रस्ता तुंबलेला, पोचेस्तोवर बाकी चौघांची कॅरेक्टर्स निवडून झाली होती आणि उरलं होतं ते पॅलॅडिन, म्हणजे शपथेने बांधलेला पवित्र योद्धा. कोणी घेतच नाही हो ते. रॉगसाठी, म्हणजे चोरासाठी, मात्र दोघांत जुंपलेली.

का घेत नाहीत ते मला चांगलंच माहितीये. कॉलेजात आम्ही ३.५ एडिशन, म्हणजे याच गेमचे जुने नियम, खेळायचो, त्यात पॅलॅडिन लॉफुल गुडच, म्हणजे नियमाने चालणारा सज्जनच, असायला लागायचा आणि जाणूनबुजून एक जरी दुष्ट कृत्य केलं की सगळ्या शक्ती गेल्या. आमचा तेव्हाचा डीएम (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा) मुद्दाम असे प्रसंग आणायचा की इकडे आड तिकडे विहीर, आणि मी कुठेही उडी मारली तरी हा खुशीत, "गेला तुझा पॅलॅडिन!" अर्धं सेमिस्टर मी नुसता चिलखत घातलेला हमाल होतो. आणि पार्टीतले बाकीचे पॅलॅडिनकडे सोसायटीचा सेक्रेटरी आल्यासारखं बघतात, आता हा चोरी करू देणार नाही, कैद्याला मारू देणार नाही. त्याआधी तर अजून कडक होतं, १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात पॅलॅडिन व्हायला माणूसच असायला लागायचं आणि कॅरिस्मा, म्हणजे व्यक्तिमत्त्वाची छाप, किमान १७, म्हणजे तीन फासे सरळ टाकले तर २१६ पैकी फक्त ४ वेळा येणार. २०१४ च्या पाचव्या एडिशनपासून अलाइनमेंटची, म्हणजे सज्जन-दुर्जन वगैरे असण्याची, सक्ती नाही, तिसऱ्या लेव्हलला शपथ निवडायची आणि ती पाळायची.

तर इथला डीएम. इंजिनीअरिंगचा पोरगा असेल, आवाज बारीक, मला वाटलं संपलं. पण कॅरेक्टरचं शीट हातात देताना त्याने एकच विचारलं, "दादा, तुमच्या शपथेतलं कुठलं कलम तुम्हाला सगळ्यात जड जाईल?" माझी डिव्होशनची शपथ होती, मी म्हटलं खोटं न बोलणं. तो म्हणाला बरं, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

दोन तासांनी आम्ही एका घराच्या तळघरात, तिथे गॉब्लिनचं, म्हणजे छोट्या राक्षसाचं, पोर लपलेलं, सात-आठ वर्षांचं, आणि दारात गावचा पाटील मशाली घेऊन. विचारतो, "महाराज, आत कोणी आहे का?" टेबलवर सगळे माझ्याकडे. मी बराच वेळ गप्प बसलो आणि मग म्हटलं, "तुमच्या गावाला घाबरवेल असं आत कोणी नाही." झालं, नरो वा कुंजरो वा. पाटील गेला. डीएमने फक्त विचारलं, "दादा, हे खरं बोललात?" मी म्हटलं, शब्द खरे होते. तो हसला नि पुढे गेला.

मग शेवटची फाइट. समोर वाइट (wight), म्हणजे अनडेड, मेलेला पण चालताफिरता, मी नॅचरल वीस टाकला (वीस बाजूंच्या फाशावर थेट २०, म्हणजे क्रिटिकल) आणि दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट, म्हणजे जादूचा साठा, जाळून स्माइट, म्हणजे दैवी तडाखा. अनडेड म्हणून एक फासा जादा, क्रिटिकल म्हणून दुप्पट, आठ डी-एट, म्हणजे आठ बाजूंचे फासे! आणि टेबलवर डी-एट किती, तर तीन. शेजारच्या टेबलवर कॅटान हा बोर्ड गेम चाललेला, त्यांच्याकडे कुठून असणार. तेच तीन फासे परत परत टाकून बेरीज ४१ झाली, सगळे ओरडले, आणि हा बारीक आवाजात म्हणतो, तलवारीतून प्रकाश येतो, पण रोज पांढरा असतो तो आज थोडा धुरकट आहे. बास. एक पॉइंट कापला नाही, शक्ती काढली नाही. धर्मराजाचा रथ चार बोटं खाली यावा तसं, खरं सांगतो, पोटात खड्डा पडला माझ्या. त्या जुन्या डीएमला सगळं काढून घेऊनसुद्धा हे जमलं नव्हतं.

आता तक्रारी. शीट २०१४ च्या नियमांची आणि टेबलवर पुस्तक २०२४ चं. जुन्यात एका टर्नमध्ये दोन हल्ले लागले तर दोनदा स्माइट चालायचं, नव्यात स्माइट हा स्पेल (मंत्र) झालाय, टर्नमधली एकच जादा कृती म्हणजे बोनस अ‍ॅक्शन जाते, म्हणजे एकदाच. यावर वीस मिनिटं गेली, ते आधी ठरवा ना बाबांनो. ले ऑन हँड्सचे, म्हणजे हात ठेवून जखम भरायचे, २५ पॉइंट शीटवर लिहिलेच नव्हते, मीच आठवण केली म्हणून आमचा विझार्ड वाचला. पलीकडे कोणाचातरी बड्डे, त्यामुळे बारीक आवाजाचा डीएम अर्धा ऐकूच येत नव्हता. कोल्ड कॉफी म्हणजे गार दूध. सँडविच मागवू नका, येताना काहीतरी खाऊन या.

जागेला पाचातले अडीच, डीएमला पाच. बुकिंग करताना रविवारवाला बारीक आवाजाचा मुलगाच हवा म्हणून सांगा, शनिवारी दुसरा असतो. आणि डी-एट घरून न्या.