जेलरोडच्या आमच्या नऊ गल्ल्या आणि व्हॉट्सॲपची ‘कम्युनिटी’

मी इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून, म्हणजे पासपोर्ट, मुद्रांक छापणाऱ्या सरकारी छापखान्यातून, निवृत्त झाले. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं तरी कळतं. तिथं एकेका कागदाचा हिशेब लागायचा. आला किती, छापला किती, खराब किती. तीच सवय घेऊन मी आमच्या भागाच्या व्हॉट्सॲपची ॲडमिन झाले आणि गेली दोन वर्षं त्यातली ‘कम्युनिटी’ ही सोय वापरते आहे. शेजारच्या कॉलनीतल्या बायका विचारतात, घ्यावी का? म्हणून हे लिहिलं.

आधी नऊ गल्ल्यांचा मिळून एकच ग्रुप होता. सकाळी सुविचार, दुपारी नातवंडांचे फोटो, रात्री राजकारण. ‘उद्या पाणी येणार नाही’ हा निरोप त्यात कुठं बुडायचा, पत्ता लागायचा नाही. वयस्कर मंडळींनी ग्रुप म्यूट करून टाकलेला. सकाळी नळ सोडल्यावरच त्यांना कळायचं.

व्हॉट्सॲपनं ही सोय नोव्हेंबर २०२२ मध्ये सगळ्यांना दिली. वेगवेगळे ग्रुप एकत्र जोडायचे आणि सगळ्यांसाठी मिळून एक घोषणांचा ग्रुप. त्यात लिहायचं फक्त ॲडमिननी. आमचे गल्लीवार नऊ ग्रुप, एक गणेशोत्सवाचा, एक भिशीचा. गप्पा, फोटो, वाद सगळं तिकडे. घोषणांत दिवसाला दोनच निरोप, असं आम्ही ठरवलं. मग घरोघर जाऊन ज्यांनी म्यूट केलं होतं त्यांचे फोन हातात घेऊन आवाज चालू करून दिला. चौथ्या गल्लीतल्या आजोबांनी मला दोनदा विचारलं, “ह्याच्यात सुविचार नाही ना येणार?” नाही म्हटल्यावर मगच फोन दिला.

बायकांच्या सोयीची एक गोष्ट. घोषणांच्या ग्रुपात आपला नंबर ॲडमिनना आणि ज्यांनी तो सेव्ह केलाय त्यांनाच दिसतो. गल्लीच्या ग्रुपात मात्र सगळ्यांना दिसतो. हे सामील व्हायच्या आधीच सांगावं, नंतर नाही.

आता खरा अनुभव. मागच्या पावसाळ्यात सहाव्या गल्लीतल्या मुलाला डेंग्यू झाला, प्लेटलेट झपाझप उतरल्या. रात्री पावणेदहाला त्याच्या वडिलांचा फोन आला, दाता हवा होता. मी घोषणेत टाकलं. साडेदहाच्या आत तिघं बाइक काढून दवाखान्यात हजर. त्यातले दोघं एकमेकांच्या मागच्याच गल्लीतले, पण त्या रात्रीपर्यंत एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं. मुलगा बरा झाला. आता ते दोघं रोज पहाटे बरोबर फिरायला जातात.

पण निरोप तिथं थांबला नाही. काम झाल्यावर मी तो सगळ्यांसाठी डिलीट केला, तसं ॲडमिनला करता येतं. तोवर कुणी कुणी तो पुढं पाठवला होता, आणि पुढं गेलेली प्रत आपल्या हातात राहत नाही. त्या बापाला दोन महिने फोन येत होते. “दादा, अजून रक्त हवंय का?” पोरगं शाळेत जायला लागलं तरी फोन येतच होते. ह्याला ॲप काय करणार? निरोप मी लिहिला होता, चूक माझी होती. तेव्हापासून आमच्याकडे रक्ताच्या निरोपात पहिल्याच ओळीत तारीख आणि ‘आज रात्री बारापर्यंतच’ असं लिहिल्याशिवाय तो टाकत नाही. प्रत कुठंही गेली तरी मुदत तिच्या अंगावरच असते. ज्या ॲडमिनना हे वाचून एकच गोष्ट घ्यायची असेल त्यांनी ही घ्यावी.

दुसरी गोष्ट पुराची. आमचं दसक-पंचक गोदावरीच्या काठावर. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की सगळ्यांचे डोळे रामकुंडाकडे, तिथल्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघायला. गुडघ्याला, कमरेला, छातीला. क्युसेकचा आकडा ऐकून आमच्या आईला काही कळत नाही, मारुतीची कंबर लगेच कळते. पण दर वर्षी २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात. फार फिरलेल्या निरोपावर व्हॉट्सॲप दुहेरी बाण दाखवतं आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवू देतं. आम्ही आमच्या ॲडमिनना तो बाण ओळखायला शिकवलं. बाण दिसला की ते घोषणेत येत नाही, मग पाठवणारा कुणी का असेना.

त्याऐवजी आमच्याकडे दूधवाले काका आहेत. पहाटे पंचवटीत लाइन टाकायला जातात. पावसाच्या दिवसांत पुलावरून एक फोटो काढतात आणि सोबत आपल्याच आवाजात वार आणि वेळ सांगतात. फोटो कधी हलतो, कधी नुसताच अंधार. आवाजावर मात्र सगळ्यांचा भरवसा, कारण तोच आवाज तासाभरानं दारात “दूध!” म्हणून येतो.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे अशी सोळा घरं आमच्याकडे आहेत. त्यांच्यासाठी दत्तमंदिराच्या ओट्यावर फळा लावला. घोषणा टाकली की मी किंवा शेजारची सूनबाई जाऊन तीच खडूनं लिहितो, खाली वेळ घालतो. गंमत म्हणजे फोनवाले पण येता-जाता फळाच वाचतात.

सोय फुकट आहे, बसवायला अर्धा तास लागतो. मात्र ॲडमिन किमान तीन ठेवा, वेगवेगळ्या गल्लीतले, आणि त्यातली एक तरी बाई असू द्या. एकटीवर टाकू नका. आधी सगळं माझ्या एकटीवर होतं, तेव्हा मी गावाला गेले तर चार दिवस फळा कोरा राहिला होता आणि सोळा घरांना पाणी नसल्याचं कळलं नव्हतं. परत आल्या दिवशी एका आजींनी ओट्यावर बसून मला विचारलं, “अगं, कुठं होतीस?”