बोहरी नायिका: तिच्या तोंडून की शेजारणीच्या नजरेतून?

इंदूरात राहून मराठीत कथा लिहायची आणि पात्रं सगळी जोशी-कुलकर्णी, हे जरा विचित्रच. सियागंजात दुकान सांभाळणारी बोहरी बाई कथेत आणायची तर दोन वाटा.

पहिली, तिनेच ‘मी’ म्हणून बोलायचं. यात गृहपाठ भरपूर. घरात ती लिसान-उद-दावत बोलणार. गुजराती वळणाची, पण अरबी लिपीत लिहिली जाणारी. जेवताना सगळे एकाच थाळाभोवती बसणार, आधी चिमूटभर मीठ चाखणार. गंमत अशी, की ती स्वतः यातलं काही सांगणारच नाही. ‘मी चित्राहुती घातली, हा आमच्यातला रिवाज’ असं आपण तरी कुठे म्हणतो? तिच्या डोक्यात उधारी, मुलीची फी, गुडघेदुखी. गोळा केलेली माहिती गाळायला हिंमत लागते. ती नसली की रिदाच्या, म्हणजे बोहरी बायकांच्या पोशाखाच्या, झालरीवर अख्खा परिच्छेद खर्ची पडतो.

दुसरी, शेजारच्या मराठी बाईने तिला पाहायचं. इथे मीठ नजरेत भरणं साहजिक, आणि काही चुकलंच तर ती निवेदिकेची समज ठरते. धोका एवढाच, की बोहरी बाई नुसती शोभेला उरते. तिला भांडू द्या, शेजारणीला नावं ठेवू द्या.

झाबुआच्या भिल्ल पात्रांचंही तेच. भगोरिया म्हटलं की लेखकांना पळून जाणारी जोडपीच दिसतात. होळीआधीच्या त्या हाटात लोक सणाचा बाजारही करतात.

छोट्या कथेला मी दुसरी वाट घेईन. कादंबरीला पहिली, पण छापण्याआधी एखाद्या बोहरी वाचकाला हिंदीत ऐकवून.